कॉलरमधले बाण

"वर, डावी, खाली, डावी, उजवी," असं कॉलरबाई मनातल्या मनात घोकत होती, आणि नेमका तेव्हाच दोरा तुटला.

तिने मान वर केली नाही. मान वर केली की पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या सुपरवायझरला कळतं, एक मशीन थांबलंय. तिने दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, दोन बोटांत दाबून चपटं केलं आणि सुईमागे बोट लावून नेढं चाचपायला लागली. चार वर्षांपूर्वी हे ती बोलता बोलता करायची. आता सुई दिसायची, तिला भोक आहे हे फक्त आठवायचं. दोनदा टोक बाजूने निसटलं. तिसऱ्यांदा तिने खिडकीशी बसलेल्या खिसेवालीच्या खुर्चीला पायाने हलकेच ढोसलं.

खिसेवालीने काहीतरी खाली पडल्यासारखं केलं, वाकली आणि उठता उठता एक डोळा मिटून दोरा ओवला. तिचेही डोळे काही फार धड नव्हते, पण ती सहा वर्षांनी लहान होती आणि तिच्या वाट्याला खिडकी आली होती. त्या बदल्यात कॉलरबाई तिच्या खिशांचे कोपरे उलटवून टोकदार करून द्यायची. कोपरा काढायला डोळे लागत नाहीत, बोट पुरतं.

"पाठ झालं का?" खिसेवालीने विचारलं.

"खालची ओळ झाली. तिच्या वरची घोळ घालतेय."

"मी तर बघितलंच नाही. माझ्या डोक्यात खिसे सोडून काही राहत नाही."

"मग मरशील."

"मरेन तेव्हा मरेन. हात चालव, तो बघतोय."

त्या कारखान्यात एक शर्ट बावीस बायकांच्या हातून जायचा. कुणी बाही लावायची, कुणी काजं करायची, कुणी नुसते खिसे. जी ज्या कामावर बसली त्या कामाचं नाव तिला चिकटायचं. खरी नावं हजेरीच्या वहीत होती आणि तिथेच सुखाने पडून होती. कॉलरबाई एकोणीस वर्षं कॉलर शिवत होती. नवरा होता तेव्हा त्याचे शर्ट तिने घरी शिवले होते, पार खांद्यापासून घेरापर्यंत, म्हणजे अख्खा शर्टही तिला येत होता. पण ते तिला विचारलं कुणी?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सुपरवायझरने टाळी वाजवून सांगितलं होतं, "गुरुवारी डोळे तपासायला माणसं येणार आहेत. कुणी दांडी मारायची नाही." संपलं. कशासाठी तपासणार, तपासून पुढे काय करणार, हे त्याने सांगितलं नाही, आणि बावीसपैकी एकीनेही विचारलं नाही. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. पण जी विचारते तिचं तोंड लक्षात राहतं, हे आत बसणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्यातून दाराजवळ ते टेबल होतं. तयार शर्टांचे लोंबणारे दोरे तोडायचं टेबल. मशीनवर हात मंदावला की बाईला तिथे बसवायचे, आणि तिथून दार दहा पावलांवर होतं. दोन वर्षांपूर्वी बाहीमावशी एका सकाळी चष्मा लावून आली. लेकाने कौतुकाने घेऊन दिला होता. सुपरवायझर म्हणाला, "अरे वा, चष्मा लागला वाटतं." एवढंच म्हणाला, तेही हसून. महिन्याभरात मावशी टेबलावर होती आणि पुढच्या हंगामात नव्हती. चष्म्यामुळे गेली, की हात मंदावला म्हणून, की तिची तीच कंटाळली, देव जाणे. बायकांनी मात्र आपला अर्थ काढला. त्यानंतर लाइनमध्ये चष्मा म्हणून दिसला नाही. चाळिशी उलटलेल्या अकराजणी होत्या आणि अकराही जणी लांबच्या भिंतीवरचं घड्याळ मोठ्यांदा वाचून दाखवायच्या.

कॉलरबाईच्या भीतीला आणखी एक पदर होता. तिच्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत जायचं होतं. मार्क होते, फॉर्म भरून तयार होता. फक्त त्याला पालकाच्या पगाराची पावती जोडायची होती, म्हणजे फी हप्त्याहप्त्याने भरता आली असती. पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, काम करणाऱ्या बाईला पावती मिळत नाही. पक्का पगार आणि पावती फक्त नमुना खोलीत, जिथे चारजणी बसून गिऱ्हाइकाला दाखवायचे शर्ट अख्खेच्या अख्खे शिवतात. तिथे एक जागा रिकामी होणार अशी कुजबुज होती.

"तुला घेतील ना गं?" मुलीने सकाळी विचारलं होतं.

"न घ्यायला काय झालं?" असं ती म्हणाली होती, आणि डब्याचं झाकण दोनदा चुकीचं लावलं होतं.

म्हणजे एका बाजूला दाराजवळचं टेबल, दुसऱ्या बाजूला नमुना खोली, आणि मध्ये डोळे तपासायच्या कार्डाची शेवटची ओळ. तीन रात्री तिला धड झोप नव्हती.

त्या गुरुवारी पहिली तुकडी सकाळी नऊलाच आत गेली होती. तिच्यात काजवाली होती. वय पंचवीस, नजर घारीची. ती बाहेर आल्यावर अर्ध्या तासात बकरमचा एक तुकडा हातोहात फिरत कॉलरबाईपाशी आला. बकरम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड कापड. त्यावर निळ्या खडूने दोन ओळींत ठसठशीत बाण काढलेले होते. बरोबर तोंडी निरोपही आला. कार्डावर अक्षरं नाहीत, तीन दात्यांच्या कंगव्यासारखी खूण आहे, दाते कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. वरच्या ओळी कुणालाही दिसतील, मेख शेवटच्या दोन ओळींत आहे.

कॉलरबाईने तो तुकडा मांडीवर गठ्ठ्याखाली ठेवला. शाळेत ती चौथीपर्यंतच होती, पण पाठांतरात पहिली यायची. अकरापर्यंत दोन्ही ओळी तिला उलट्यासुद्धा म्हणता येत होत्या.

साडेअकराला तिचं नाव पुकारलं. वहीतलं, खरं. ते आपलंच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला.

तपासणी माल बांधायच्या खोलीत होती. खोकी भिंतीकडे सरकवून मध्ये एक टेबल ठेवलं होतं. डोळ्यांची डॉक्टरीण अगदी तरुण होती, कॉलरबाईच्या मुलीपेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. दाराच्या चौकटीला टेकून सुपरवायझर चहा पीत उभा होता. तो तिथे असेल हे कॉलरबाईने धरलं नव्हतं.

"बसा मावशी. काम करताना त्रास होतो का काही? डोकं दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं?"

"नाही."

"सुईत दोरा ओवता येतो?"

"येतो की. एकोणीस वर्षं तेच करतेय."

डॉक्टरणीने तिच्या हातात कार्ड दिलं. कार्डाला एक दोरी बांधलेली होती. "हे टोक गालाशी धरायचं आणि दोरी ताणलेली ठेवायची. कार्ड लांब न्यायचं नाही." हात लांब करून बघायची जी एक वाट उरली होती तीही या दोरीने बंद केली. कार्डावर वर तीन-चार मोठे कंगवे होते, त्याखाली मुंग्या, आणि मुंग्यांखाली नुसती धूळ.

वरच्या ओळी तिने खरोखरच वाचल्या. मग मुंग्या आल्या. "उजवी, खाली, खाली, वर, डावी," ती म्हणाली, आणि एका दमात पुढेही म्हणून गेली, "वर, डावी, खाली, डावी, उजवी."

"अहो, थांबा," डॉक्टरीण हसून म्हणाली. "शेवटच्या ओळीवर मी अजून बोटसुद्धा ठेवलेलं नाही."

चहाचा घोट घेतल्याचा आवाज मागून आला. डॉक्टरणीने बोट ठेवलं आणि एकेक खूण पुन्हा विचारली. ती सावकाश, मध्ये मध्ये थांबत, बघितल्यासारखं करून सांगत गेली. डोळे बारीक केले नाहीत. डोळे बारीक केले की पकडतात, हे तिने ऐकलं होतं. डॉक्टरीण कार्डाकडे न बघता तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कागदावर लिहिलं.

"उत्तम. या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात, मावशी."

"आमची सगळ्यात जुनी बाई आहे," सुपरवायझर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

ती बाहेर येऊन थेट मशीनवर बसली. वाचले, वाचले, वाचले, असं मशीनसुद्धा म्हणत होतं. पुढच्या सहा कॉलरी तिने कधी काढल्या ते तिचं तिला कळलं नाही.

खिसेवाली तिच्यामागून आत गेली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ती बाहेर येईना. कॉलरबाई दाराकडे बघून पुन्हा पुन्हा सुईकडे बघत होती. ही पाठ न करता गेली, आता हिला तिथूनच टेबलावर बसवणार, आणि उद्यापासून माझी सुई कोण ओवणार, असे दोन विचार तिच्या मनात एकदम आले आणि दुसऱ्याची तिला लाज वाटली.

खिसेवाली आली ती नाकावर तपकिरी चष्मा लावून. तिचं तोंड रडून सुजलं होतं आणि त्यावर रडण्याशी काही संबंध नसलेलं हसू होतं. सुपरवायझर तिच्यामागून आला, तिच्या मशीनवरचा एक खिसा उचलून म्हणाला, "आता तरी सरळ शिवा," आणि निघून गेला.

"काय म्हणाले?" कॉलरबाईने ओठ न हलवता विचारलं.

"अगं, वाटतायत." खिसेवालीला दम लागला होता. "चष्मे. फुकट. पेटी भरून आहेत. मी पहिल्याच बारीक ओळीला अडखळले आणि रडायलाच लागले, तर ती डॉक्टरीण म्हणते, रडता कशाला, एवढ्यासाठीच तर आलोय. काळ्या कापडाची मोठी ऑर्डर आलीये. नजर नीट नसेल तर माल बिघडतो म्हणून कंपनीनेच बोलावलंय त्यांना."

"आणि टेबल?"

"टेबलाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही."

कॉलरबाईला आधी राग आला. सोमवारी एवढं एक वाक्य सांगायला त्या माणसाचं काय जात होतं? मग काजवालीचा राग आला, मग बाणांचा, मग चौथीतल्या त्या बाईंचा, ज्या तिच्या पाठांतराचं कौतुक करायच्या. शेवटी राग करायला ती स्वतः तेवढी उरली.

चहाच्या सुट्टीत दोघी मोरीपाशी गेल्या. खिसेवालीने चष्मा काढला आणि तिच्या नाकावर ठेवला.

पहिल्यांदा तिला स्वतःची बोटं दिसली. नखांच्या कडा, कातडीवरच्या रेषा, डाव्या अंगठ्यावरचा एक पांढुरका व्रण. हा कधी झाला ते तिला माहीतच नव्हतं. मग तिने ओच्यातून सकाळची एक कॉलर काढली. चार वर्षं ती अंगठ्याच्या भरवशावर शिवत होती आणि टाके कसे पडतात याची तिला रोज धास्ती होती. टाके सरळ होते. एकामागे एक, सारख्या अंतरावर, कोपऱ्यापर्यंत. ती बघतच राहिली. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि परत दिला.

"जा, सांग," खिसेवाली म्हणाली. "पाचला निघणार आहेत ते."

"काय सांगू? खोटं बोलले म्हणून?"

"दिसत नाही म्हण."

"मग विचारतील, तेव्हा दिसलं कसं?"

खिसेवाली चष्मा नाकावर नीट बसवून आत गेली.

सव्वाचारला कॉलरबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती परवानगी न मागता मशीन सोडून चालली होती, आणि प्रत्येक पावलाला आपल्यामागे कुणीतरी येतंय असं तिला वाटत होतं. खोलीत डॉक्टरीण कागद आवरत होती. चष्म्यांची पेटी अजून उघडी होती. त्यात दहा-बारा तरी शिल्लक होते.

"काय मावशी, काही राहिलं का?"

कॉलरबाईने तोंड उघडलं. आपण म्हणणार, मला दिसत नाही. मग त्या म्हणणार, तुम्ही तर सगळं बरोबर सांगितलंत. मग बाण निघणार, मग खडू, मग खडू कुणाचा. काजवालीची दोन्ही मुलं लहान आहेत. आणि त्याच बाणांवर आणखी तिघीजणी पास झाल्यात. एक धागा ओढला की सगळी शिवण उसवते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"बरं झालं, इथेच भेटलात," मागून सुपरवायझर म्हणाला. तो यादी घेऊन आला होता. "बाई, नमुना खोलीत जागा आहे. काम तुमचं चोख, आणि आता डोळ्यांचंही लिहून आलंय. उद्यापासून तिकडे बसा."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पावती मिळेल?"

"पावती, सुट्ट्या, सगळं. हा बघा नमुना." त्याने काळ्या कापडाचा एक तुकडा तिच्या हातात दिला. "काळ्यावर काळा दोरा. इंचाला अठरा टाके. एक जरी चुकला तरी गिऱ्हाईक अख्खा माल परत करतं, आणि मग आपण सगळेच घरी."

तिने तुकडा डोळ्यांसमोर धरला. शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, काहीच कळेना. नुसतं काळं. तिचा अंगठा आपणहून कापडावरून फिरायला लागला. कॉलरीवरचे टाके त्याला सापडायचे, हे टाके त्याच्याही पलीकडचे होते. तिने वर पाहिलं तर डॉक्टरीण तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

"मावशी," डॉक्टरीण हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा तपासू का? दोन मिनिटांचं काम आहे."

ते दार कुणीतरी तिच्यासाठी मुद्दाम उघडून धरलं होतं, हे कॉलरबाईला नंतर कळलं, पुष्कळ नंतर. त्या क्षणी तिला फक्त एवढंच दिसलं की आपण पकडले गेलो आणि सुपरवायझर दोन हातांवर उभा आहे.

"कशाला?" ती जवळजवळ ओरडली. "तपासलंत की सकाळी. चांगले आहेत माझे डोळे."

"चांगलेच आहेत," सुपरवायझर म्हणाला. "मग उद्यापासून?"

"नको साहेब. मला कॉलरच बरी."

"अहो, पक्का पगार आहे."

"कॉलरचा हात बसलाय. आता या वयात नवीन नको."

सुपरवायझरने यादी मिटली. तो चिडला नाही, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "बघा मॅडम," तो डॉक्टरणीला म्हणाला, "असं होतं. समोर ताट वाढून ठेवलं तरी हात पुढे करायचा नाही. मग म्हणायचं, आमचं नशीबच गरिबीचं." त्याने यादीवर पुन्हा नजर टाकली. "ती खिसेवाली कशी आहे? चष्म्याने दिसेल ना तिला?"

"चष्म्याने अगदी स्वच्छ दिसेल," डॉक्टरीण म्हणाली. ती अजून कॉलरबाईकडेच बघत होती. मग तिने पेटीचं झाकण लावलं.

सुटीची घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती तेव्हा सुपरवायझरचं खिसेवालीला नमुना खोलीबद्दल सांगून झालं होतं. ती आपल्या मशीनवरून उठून आली आणि गठ्ठा बघत असल्यासारखी शेजारी उभी राहिली.

"मी नाही म्हणून सांगते," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

"ती जागा तुझी होती."

"माझी कॉलर आहे. तू गुपचूप जा, आणि जाताना माझी सुई ओवून दे."

खिसेवालीने यावेळी काही पडल्याचं नाटक केलं नाही. ताठ उभं राहून, एका झटक्यात, पहिल्याच वेळी दोरा ओवला. नवीन चष्म्यातून ती बराच वेळ कॉलरबाईच्या तोंडाकडे बघत होती. कॉलरबाईने मान खाली घातली.

दिवसाचा शेवटचा गठ्ठा मोजताना त्यात बकरमचा एक तुकडा कमी भरला. तिने ओच्यात खोचलेला काजवालीचा तो तुकडा काढला. निळे बाण अजून तसेच होते. पुसायला वेळ नव्हता आणि पुसण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दोन कापडांच्या मध्ये तो घालून तिने कडेने शिवण मारली, कोपरा उलटवला, बोटाने टोक काढलं आणि वरून पुन्हा टीप मारली. शिवताना तिचे ओठ हलत होते. "जागा भरली गं, दुसरीला घेतलं. जागा भरली गं, दुसरीला घेतलं." घरी जाईपर्यंत हे न अडखळता म्हणता यायला हवं होतं. मुलगी डॉक्टरणीसारखी तोंडाकडे बघून ऐकायची.

सुपरवायझर गठ्ठा घ्यायला आला. वरची कॉलर उचलून त्याने कडेवरून बोट फिरवलं.

"काही म्हणा बाई, तुमच्या कॉलरला तोड नाही."

"हो," ती म्हणाली.

बाकीच्या बायका चपला शोधत होत्या. कुणाकुणाच्या नाकावर चष्मे होते आणि त्या एकमेकींना ओळख नसल्यासारख्या बघून हसत होत्या. कॉलरबाईने मशीनवरचं कापड घेतलं. रोज जाताना सुईतला दोरा काढून ठेवायचा असा नियम होता. आज तिने तो काढला नाही. दोरा हलणार नाही अशा बेताने, दोन्ही हातांनी, तिने मशीन झाकलं. उद्याची पहिली कॉलर तरी निघाली असती.